बसू दे त्याला

शाळेत पोचले की मी आधी मुलाची वही मागते. हजेरीपटावर नाव असतंच, शाळांच्या माहितीच्या यू-डायस नोंदीत 'सीडब्ल्यूएसएन', म्हणजे विशेष गरजा असलेलं मूल, असा शेरा असतो, दुपारी ताटात खिचडीही पडते. या सगळ्यावरून मूल शाळेत येतं एवढंच कळतं. ते शिकतंय का, ते वहीवरून कळतं. कुणाच्या वहीत जूनमधली दोन-तीन पानं भरलेली असतात आणि पुढे सगळं कोरं. कुणाच्या वहीत फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं असतं, अक्षरही वळणदार. पण त्यातला एक शब्द वाचून दाखव म्हटलं की मूल माझ्या तोंडाकडे बघत राहतं. एखाद्याच वहीत लाल पेनाची खूण दिसते, चुकलेलं खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतं. अशी वही दिसली की मी त्या बाईंना किंवा सरांना मुद्दाम भेटून मगच शाळेतून निघते.

मी विशेष शिक्षिका आहे. समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षण विभागातून आधी पिंपरी-चिंचवडच्या भागात आणि नंतर खेड तालुक्यात, चाकणच्या आसपासच्या शाळांत काम करत आले. आमची एक अशी शाळा नसते. केंद्रातल्या, म्हणजे एका गटातल्या, शाळा फिरायच्या. दिव्यांग मुलं शोधायची, त्यांना मोजमाप शिबिराला न्यायचं, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नाहीतर औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा करायचा, भत्त्यांचे कागद भरायचे. कागदावर काम एवढंच. पण माझा खरा वेळ जातो तो शिक्षकांशी बोलण्यात, कारण मूल मला आठवड्यातून एकदा भेटतं आणि त्यांच्यासमोर रोज असतं.

कायद्याने दार उघडून बराच काळ झाला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आली. शासनाने मान्यता दिलेल्या शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. तरीही पालक रडवेले होऊन येतात. निगडी-प्राधिकरणाकडची, वाकडकडची, मोशीकडची एखादी चकचकीत शाळा त्यांना सांगते, "आमच्याकडे ट्रेंड स्टाफ नाही हो, तुमच्या मुलाचंच नुकसान होईल." बोलणं गोड असतं, अर्थ नकाराचा असतो. पण नकाराशी भांडता येतं. अर्ज करता येतो, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं, कायद्याचं कलम दाखवता येतं. माझी खरी दमछाक होते ती जिथे कुणी नकार देतच नाही तिथे. मूल दाखल करून घेतात, मायेने वागवतात, पुढच्या बाकावर बसवतात आणि मग वर्षानुवर्षं त्याला एकही प्रश्न विचारत नाहीत. "राहू दे मॅडम, बसू दे त्याला. येतोय शाळेत हेच खूप आहे." हे वाक्य मी इतक्या शाळांमध्ये, इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझ्या पोटात कालवाकालव होते.

भोसरीकडच्या एका शाळेत पाचवीत एक मुलगी होती. जन्मापासून दृष्टी फार कमी, उजेड सहन होत नसे. तिच्या वर्गशिक्षिका नोकरीची पंचवीस वर्षं पूर्ण केलेल्या, सगळ्या शाळेच्या लाडक्या. त्या या मुलीची वेणी घालून देत, आपल्या डब्यातली भाजी तिला देत, सहलीला तिचा हात सोडत नसत. वर्गात प्रकट वाचन सुरू झालं की एकेक मूल उठायचं, धडा पुढे सरकायचा, आणि तिची पाळी आली की बाई पुढच्या मुलाचं नाव घ्यायच्या. इतक्या सवयीने की मुलांनाही त्यात काही वेगळं वाटत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डोळ्यांना ताण नको तिच्या."

मुलगी हुशार होती. पुस्तकातल्या सगळ्या कविता ऐकून ऐकून पाठ. गणित तोंडी विचारलं तर वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आधी उत्तर देई. पण वाचायला दिलं की दुसरीच्या पुस्तकावर अडखळत होती. मोठ्या अक्षरांतली पाठ्यपुस्तकं आली होती का, असं मी विचारलं. आली होती. कपाटात होती, प्लास्टिकच्या वेष्टनात. खराब होऊ नयेत म्हणून जपून ठेवलेली.

त्या दिवशी आम्ही आधी तिचा बाक हलवला. पहिला बाक तिच्या सोयीसाठी दिला होता, पण तिथे खिडकीचा उजेड थेट तोंडावर यायचा आणि फळाही चमकायचा. तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं. पुस्तक तिरपं ठेवायला एक लाकडी फळी दिली. मोठ्या रेघांची वही आणि जाड काळं स्केचपेन आणलं. यातल्या कशालाच फारसा पैसा लागला नाही. नंतर मी बाईंना म्हटलं की आता तिची पाळी चुकवू नका. त्या एकदम दुखावल्या. "पोटच्या पोरीसारखं वागवते मी तिला. आणि तुम्ही म्हणता मी तिला शिकवलं नाही?" मी एवढंच विचारलं, "पोटच्या पोरीला वाचता येत नसतं तर तुम्ही गप्प बसला असता का, बाई?"

त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. पण पाळी चुकवणं त्यांनी बंद केलं. मी वर्गात मागे बसले असताना एकदा तिला उठवलं. तिने पुस्तक नाकापाशी नेलं, एक ओळ वाचायला तिला खूप वेळ लागला, आणि एक शब्द असा चुकला की पोरं फिसकन हसली. बाईंचा चेहरा मी बघत होते. 'बस खाली बाळा' हे शब्द अगदी ओठांवर आलेले दिसत होते. त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हसायचं नाही. काल तूही हाच शब्द चुकला होतास." आणि मग तिला म्हणाल्या, "हं, पुन्हा." तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. शिक्षकाच्या वृत्तीत बदल म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी ते 'हं, पुन्हा' सांगेन. ते म्हणताना त्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलं आहे, म्हणून मला त्याची किंमत वाटते.

शिक्षकांना दोष देणं फार सोपं आहे आणि दुरून बोलणारे तो सहज देतात. चाकणच्या शाळांमध्ये एक दिवस उभं राहून बघावं. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी ही पूर्वी शेतीची गावं. कारखाने आले आणि गावाच्या मापाने बांधलेल्या तिथल्या शाळांवर बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ, शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेल्या कामगारांच्या मुलांचा भार पडला. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो; मी पन्नासच्या वरचे वर्ग रोज पाहते. एकाच खोलीत मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया. त्यात निवडणुकीचं काम, पोर्टलवरची माहिती, आहाराचा हिशेब. अशा वर्गात मी जाते आणि म्हणते, सर, या एका मुलाचा वेगळा आराखडा करू या. समोरचा माणूस दमलेला असतो. त्याच्या कपाळावरची आठी वाईट मनाची नसते, हे मला ठाऊक आहे.

शिवाय त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात समावेशित शाळेचा विषय आला, त्याआधी डी.एड. करून लागलेल्या पिढीने हा शब्द नोकरीत आल्यावर ऐकला. मग प्रशिक्षणं होतात. पडद्यावर एकवीस प्रकार, त्यांची लक्षणं, टक्केवारी, चहा, सहीचा कागद. शिक्षक घरी जाताना एकवीस नावं घेऊन जातात आणि सोमवारी वर्गात तेच मूल किंचाळायला लागलं की काय करायचं ते त्यातल्या कुठल्याच नावात सापडत नाही. उलट काहींची भीती वाढते. आधी 'खोडकर' वाटणारं मूल आता 'केस' वाटायला लागतं, आणि केस म्हटलं की ती तज्ज्ञाने बघायची.

भीतीलाही पायऱ्या असतात. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचं स्वागत होतं. मुलं खुर्ची ढकलायला धावतात, शिक्षक फोटो काढतात. एका शाळेला कंपनीच्या सामाजिक निधीतून रॅम्प मिळाला होता. ओटा तीन फुटांचा आणि रॅम्प जेमतेम दहा फूट लांब. नियमाने एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. त्या उतारावरून खुर्ची सुटू नये म्हणून दोन मोठी मुलं मागून धरतात, एक पुढे उभा राहतो. मनाने सगळे तयार होते, माप कुणी विचारलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलाबद्दल शिक्षक गोंधळतात, पण प्रयत्न करतात. अध्ययन अक्षमतेवर तर पुष्कळांचा विश्वासच नसतो. तोंडाने फाडफाड बोलणारा पोरगा चार ओळी लिहू शकत नाही म्हणजे तो आळशी, नाटकी, घरचे लक्ष देत नाहीत. या मुलांच्या वाट्याला मायाही येत नाही, दिवसभर बोलणी येतात. आणि सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका जागी न बसणाऱ्या, न बोलणाऱ्या, अचानक पळणाऱ्या मुलाची.

असा एक मुलगा चाकणजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीत आला. स्वमग्न. बाप बीडकडचा, एका कारखान्यात कंत्राटी. वर्गशिक्षक तरुण, दूरच्या जिल्ह्यातून नेमणुकीवर आलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बाहेर नेलं आणि शाळेच्या फाटकाकडे बोट केलं. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यावर कंटेनरची रांग. "मॅडम, तुम्ही आठवड्यातून एकदा येता. बाकी दिवस मी आणि तो. फळ्याकडे तोंड केलं की हा पळतो. जीव त्याचा जाईल आणि जबाबदार मी. मला त्याचा राग नाही. पण मला झोप लागत नाही." समावेशनाविषयीच्या कुठल्याही परिपत्रकात या बोलण्याला उत्तर नाही. मी त्यांना समजावायला गेले नाही. आम्ही आधी फाटकाला वरच्या बाजूने कडी बसवून घेतली. मग बाकीचं.

तो नेमका कधी पळतो ते सरांनी आठवडाभर वहीत टिपून ठेवलं. परिपाठाला ध्वनिक्षेपक सुरू झाला की, आणि घंटेनंतर व्हरांड्यात गलका झाला की. बाकी वेळी फारसा नाही. परिपाठाला तो वर्गातच थांबायचा असं ठरलं. चौथीतली एक मुलगी त्याच्याबरोबर थांबायला आपणहून तयार झाली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर दिवसाची चित्रं काढली: दप्तर, फळा, ताट, मैदान, घर. एकेक काम झालं की ते चित्र उलटं करायचं. पळणं थांबलं नाही, पण कमी झालं.

त्याची आई मला म्हणायची, "लेकरू घरी गप असतंय मॅडम, शाळेतच कसं बिथरतंय?" म्हणून मी घरी गेले. पत्र्याची एक खोली, दारात पाण्याचं पिंप. आई घरबसल्या काम करते. साच्यातून निघालेल्या रबरी पार्टची जास्तीची कड कात्रीने कापून द्यायची, किलोवर पैसे. खोलीच्या मध्यभागी काळ्या रबरी कड्यांचा ढीग आणि त्याच्याशेजारी हा मुलगा मांडी घालून बसलेला. हात चालू होते. तीन आकारांच्या कड्या होत्या, मधल्या आणि लहान आकारातला फरक मला बोटाने चाचपूनही चटकन कळत नव्हता. तो न बघितल्यासारखा उचलायचा आणि बरोबर ढिगात टाकायचा. आईला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "कवापासनं करतोय की."

नाकारलेल्या मालातल्या मूठभर कड्या आईने पिशवीत घालून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या टेबलावर ओतल्या. मुलगा आला, उभ्या उभ्या तीन ढीग केले आणि निघून गेला. सर बराच वेळ त्या ढिगांकडे बघत होते. मग म्हणाले, "याला कळतंय की." त्या आठवड्यात त्यांनी पाच-पाच कड्या दोऱ्यात ओवायला दिल्या. पुढे अंकाचं कार्ड समोर ठेवून तितक्या ओवायला. मग इतर मुलांनाही तेच साहित्य दिलं, कारण पहिलीच्या वर्गात मोजायला हातात काही असणं सगळ्यांनाच बरं. एका पालकाने शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तक्रार केली की या मुलामुळे आमच्या मुलांचं नुकसान होतंय. सरांनी दोऱ्यात ओवलेल्या कड्या टेबलावर ठेवल्या आणि तक्रार करणाऱ्याच्या मुलाने त्यावर केलेली बेरीज दाखवली.

'याला कळतंय की' हे वाक्य मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि तिथून पुढे त्या वर्गातलं सगळं बदलतं. पण मला त्याची धास्तीही वाटते. ज्या मुलाजवळ असं चटकन दाखवण्यासारखं काही नसेल त्याचं काय? माझ्या केंद्रात सेरेब्रल पाल्सीची एक मुलगी आहे, मान धरता येत नाही, शब्द फुटत नाहीत. तिने आधी आपली हुशारी सिद्ध करावी आणि मग आम्ही तिला शिकवू, असं म्हणता येणार नाही. तिच्यासाठी घरी जाऊन शिकवण्याची सोय आहे, तीही मीच करते. तिच्या वर्गाच्या बाई मात्र महिन्यातल्या एका शनिवारी चार मुलं घेऊन तिच्याकडे जातात, तिला नावाने हाक मारून हजेरी घेतात आणि ती डोळे हलवेपर्यंत थांबतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

माणसं वाढायला हवीत, हेही तितकंच खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. राज्याने २०२४मध्ये केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्यांना त्यात सामावून घ्यायचं ठरलं. आमच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. तरी एका केंद्रात अनेक शाळा आणि त्यांच्यासाठी एक माणूस. पळणाऱ्या त्या मुलाच्या सरांचं 'बाकी दिवस मी आणि तो' हे अजून तसंच उभं आहे.

पालकांच्या बाजूला वेगळंच गणित असतं. दाखल्यासाठी रुग्णालयात दोन-तीन चकरा होतात. कंत्राटी कामगाराला खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, शिवाय हजेरीचा भत्ताही. चाकणहून औंधला जायचं तर तळेगाव चौकातल्या कोंडीतच सकाळ संपते. म्हणून दाखला राहतो, दाखला नाही म्हणून सवलत राहते, आणि शाळेत कुणीतरी म्हणतं, पालकांनाच पडलेली नाही. मी हे वाक्य जिथे ऐकते तिथे थांबून पूर्ण हिशेब सांगते.

पळणाऱ्या त्या मुलाचं पहिलीचं वर्ष पूर्ण झालं नाही. बापाला कंपनीने ब्रेक दिला, रांजणगावला काम मिळालं आणि जानेवारीत बिऱ्हाड हललं. या पट्ट्यात मुलं अशीच जातात, वर्षाच्या मध्यात, पत्र्याची एक खोली सोडून दुसरीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, प्रगती असते. तो ध्वनिक्षेपकाला घाबरतो हे कुठेच नसतं. नवी शाळा पुन्हा पहिल्यापासून, फाटकापासून.

सरांनी नव्या शाळेचा नंबर मिळवून फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडच्या बाईंनी आधी सांगितलं की त्यांच्याकडे पट फार मोठा आहे, असं मूल सांभाळणं जमणार नाही, विशेष शाळाच बरी. सर म्हणाले, "मीही हेच म्हणत होतो, मॅडम." मग भराभर सांगत सुटले: परिपाठाला वर्गात ठेवा, दाराजवळ बसवू नका, पत्रिकांच्या पुठ्ठ्याची चित्रं आईकडे दिली आहेत ती तशीच भिंतीला लावा, पंचविसापर्यंत मोजतो, तोंडाने म्हणत नाही, ओवून दाखवतो, पहिले पंधरा दिवस जास्त पळेल. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सरांनी पुढच्या रविवारी येतो असं सांगून फोन ठेवला.

शिरूर तालुका माझ्याकडे येत नाही. तिथल्या विशेष शिक्षिकेला मी त्याच्या आराखड्याची प्रत आणि सरांनी केलेल्या नोंदी पाठवल्या आहेत. दाखल्याबरोबर आराखडाही पुढच्या शाळेला गेलाच पाहिजे, अशा मागणीचं पत्र सरांनी आणि मी सही करून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिलं आहे. पोच मिळाली आहे. उत्तर यायचं आहे.